चांदणीच्या डोळ्याखालचा भोवरा: घोडी, स्वार आणि एका पोर्ट्रेटचे प्रकरण

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यातला शहादा तालुका, तापीचा काठ, एकमुखी दत्ताचे देऊळ आणि समोर नजर जाईल तिथवर घोडे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून जनावरे येतात. पण हल्ली यात्रेचा बराचसा बाजार यात्रेआधीच मोबाईलवर भरतो. ज्याला शिंगरू विकायचे आहे तो महिनाभर आधीपासून फोटो फिरवू लागतो, आणि कार्तिक सरता सरता माझ्यासारख्या फोटोवाल्याचे फोन वाजू लागतात.

हे काम असेच आले. खानदेशातले शेतकरी कुटुंब, केळी आणि ऊस, शिवाय वाड्यामागे मारवाडी घोड्यांची छोटी पागा. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांची मुलगी लहानपणापासून घोड्यावर असते आणि आता लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींत उतरते. तिची घोडी चांदणी, आणि चांदणीचे शिंगरू यंदा विकायचे होते. आप्पांची मागणी फोनवर दोन वाक्यांत संपली. "भाऊ, पोरीचा आन् घोडीचा असा फोटो पायजे की पाहुणा दिवाणखान्यात आला तर बसायच्या आधी तिथं उभा राहिला पायजे. आन् त्याच फोटोत घोडी अशी दिसली पायजे की शिंगराला गिऱ्हाईक यावं."

एकाच फोटोकडून दोन कामे. पहिले काम घरच्यांसाठी, दुसरे परक्यांसाठी. पहिल्यात आपण सुंदर दिसावे एवढीच अपेक्षा असते, दुसऱ्यात समोरचा माणूस पैसे मोजणार असतो. पुढे जो वाद झाला त्याचे मूळ या जोडवाक्यात होते. तेव्हा मात्र माझे सगळे लक्ष उजेडाकडे आणि घोडीच्या रंगाकडे लागले होते.

घोडी

चांदणी गडद कुमैत. अंग लालसर काळपट, आयाळ आणि शेपूट काळी. कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याणी. घोड्यांच्या जाणकारांत हे लक्षण शुभ. कान अस्सल मारवाडी, आतल्या बाजूला वळलेले, टवकारले की टोके एकमेकांना भिडणारे. उंची मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर, साधारण पंधरा हात. घोडेवाल्यांचा हा हात चार इंचांचा, म्हणजे ती पाच फूट उंच.

आणि डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, केसांचा एक छोटा भोवरा.

मारवाडी घोड्यांच्या परंपरेत भोवऱ्यांचे मोठे शास्त्र आहे. मानेवरून उतरणारा लांब भोवरा देवमन, तो भाग्याचा. डोळ्याखालचा भोवरा आंसूढाल, अश्रू ओघळतो त्या जागेवरचा म्हणून अशुभ. असा घोडा मालकाला रडवतो, अशी समजूत. ज्या घोडीचे चारही पाय शुभ तिच्याच गालावर हे बोट ठेवलेले. आप्पांनी फोनवर पंचकल्याणी असल्याचे दोनदा सांगितले होते, भोवऱ्याचा उल्लेख नव्हता.

बसून की उभे राहून

आप्पांच्या डोळ्यांपुढे चित्र ठरलेले होते. मुलगी नऊवारीत, डोक्यावर भगवा फेटा, हातात लगाम, आणि घोडी मागच्या दोन पायांवर उभी. आपल्याकडे चौकाचौकातल्या पुतळ्यांनी आणि कॅलेंडरांनी ही कल्पना इतकी मुरवली आहे की तिला नाही म्हणणे म्हणजे इतिहासाला नाही म्हणण्यासारखे वाटते. मी नाही म्हणालो. दोन पायांवर उभी असलेली घोडी तोल जाऊन मागे पडू शकते आणि स्वार खाली सापडतो. जत्रेत हे शिकवलेले घोडे असतात, चांदणी तशी नव्हती. मुलीचेही मत तेच होते. वडिलांना ते माझ्या तोंडून ऐकायला मिळाले, याचे तिला बरे वाटले असावे.

मग त्यांनी भरधाव घोडीचा पर्याय काढला. चारही पाय हवेत, पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणलेले. अशा पवित्र्यात दौडणारा घोडा चित्रकारांनी शतकानुशतके रंगवला, पण तो खऱ्या दौडीत नसतो. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा दिसले की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. आप्पांना मोबाईलवर ती चित्रमालिका दाखवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "म्हणजे कॅलेंडरवाले आजवर खोटं काढत होते." हे वाक्य मला पुढे कामी आले.

खरा प्रश्न मापांचा होता. घोडी पाच फुटांची, तिच्यावर बसलेली मुलगी धरून एकूण उंची आठ फुटांच्या आसपास. घोडी आडवी उभी करून दोघींना पूर्ण घेतले आणि थोडी मोकळी जागा सोडली, तर २४ बाय १६ इंचांच्या प्रिंटवर मुलीचा चेहरा जेमतेम सव्वा इंचाचा उरतो. तो फोटो घोडीचा, वर कुणीतरी बसलेले. घोडीचे तोंड कॅमेऱ्याकडे केले तर दुसरी अडचण. स्वाराचा चेहरा घोडीच्या डोळ्यापेक्षा मीटरभर तरी मागे असतो. १३५ मिलिमीटरची लेन्स, सहा मीटर अंतर, लेन्सचे छिद्र मोठे म्हणजे एफ २.८ धरले तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे धारदार दिसते तेवढा पट्टा, येते सुमारे ३३ सेंटिमीटर. छिद्र लहान करून एफ ८ केले तरी ती मीटरच्या आतच राहते, आणि मागचा पसारा मात्र सगळा वर येतो. एकीचे डोळे धारदार तर दुसरीचे धूसर.

म्हणून भिंतीवरचा फोटो जमिनीवर उभे राहूनच घ्यायचा असे ठरवले. मुलगी घोडीच्या मानेशी, दोन्ही चेहरे एकाच प्रतलात, मग ३३ सेंटिमीटर पुष्कळ होतात. मुलीच्या मते एवढ्या मेहनतीने बसवलेली मांड फोटोत न दिसणे चूक होते. तिचा मुद्दा खरा होता, म्हणून बसलेले काही फोटो वेगळे घेतले. हेल्मेट घालून, शर्यतीच्या कपड्यांत, सकाळच्या रपेटीच्या शेवटी. फेटा बांधायचा तो जमिनीवरच, अशी माझी अट. आप्पा हेल्मेटवर नाराज होते. त्यांनी त्या संचातला एकही फोटो निवडला नाही.

दाराचा स्टुडिओ

गडद कुमैत घोडी, पांढरा पट्टा, पांढरी नऊवारी, भगवा फेटा. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर सगळ्याचा सरासरी करडा करायला बघते. घोडीच्या अंगावर मोजले तर नऊवारी जळते, नऊवारीवर मोजले तर घोडी कोळसा होते. डिसेंबरात त्या अक्षांशावर भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे उन्हाळ्यासारखी डोक्यावरची आग नसते. तरी उघड्या उन्हात हे तीन रंग एकत्र सांभाळणे अवघडच. फ्लॅश मी घोड्यांजवळ वापरत नाही. अंधारात बघता यावे म्हणून घोड्याच्या डोळ्यामागे परावर्तक पडदा असतो, फ्लॅश त्यावरून हिरवट निळा परत येतो, आणि जनावर दचकते ते वेगळेच. घडीचा रिफ्लेक्टरही नको, तो उघडताना फाडकन आवाज होतो.

कडब्याच्या गोठ्याने प्रश्न सोडवला. त्याचे मोठे दार उत्तरेला, समोर चुना लावलेली भिंत, मध्ये फिकट रंगाची वाळलेली माती. दारात उजेड सगळीकडून मऊ येतो, आणि आत चार पावलांवर काळोख. घोडीला उंबऱ्याच्या एक पाऊल आत उभे केले की अंगावर उजेड आणि पाठीमागे आपोआप काळा पडदा. लोक ज्याला ब्लॅक बॅकग्राउंडचा फोटो म्हणून पैसे मोजतात, त्यातला बराचसा भाग एवढाच असतो.

घोडी मात्र दारात अडली. उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्याला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तिच्या दृष्टीने आत काहीच नव्हते, नुसते भोक होते. ओढाताण केली असती तर दिवस गेला असता. पागेतले चाचा, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे जुने मोतद्दार, तिला घेऊन दारातच उभे राहिले, आत कडब्याची पेंढी टाकली आणि विडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसले. थोड्या वेळाने तीच आत गेली.

घोडा आणि स्वार यांच्या फोटोग्राफीत सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण, असे मला विचारले तर उत्तर चाचा असेच येईल. दोर कुणाच्या हातात आहे यावर घोडीची मान, कान, पाय आणि मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण, सगळे अवलंबून असते. चाचांनी सकाळी खरारा केला होता, पाय धुऊन खडूची पूड लावली होती. नाकावर आणि डोळ्यांभोवती खोबरेल तेलही चोपडले होते. ते मी पुसून घेतले, कारण त्या तेलाला धूळ चिकटते आणि चमक ठिगळासारखी दिसते.

शेमल्याचा उपद्रव मात्र कुणी धरला नव्हता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. थेट कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा तुकडा तेवढा आंधळा. फेट्याचा सुटा पदर वाऱ्यावर तिच्या नजरेच्या कडेला फडफडू लागला की ती मान वर फेकायची. रंगाचा संबंध नव्हता, लाल-भगवा घोड्यांना नीट कळतच नाही. हलणे कळते. शेमला मुलीच्या पाठीवर पिनेने अडकवला आणि घोडी शांत झाली.

नाक, पाय आणि कान

मारवाडी घोड्याची मापे परंपरेने बोटांत मोजतात. बोटाची रुंदी म्हणजे पाच जवाचे दाणे. तोंडाची लांबी २८ ते ४० बोटे, आणि कानांमागच्या माथ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी तोंडाच्या चौपट असावी, असा दंडक. ज्यांच्या डोळ्यांत ही प्रमाणे बसलेली आहेत ते फोटोही त्याच डोळ्यांनी बघतात. आणि मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत ती पार मोडतात. दोन मीटरवरून घोड्याच्या समोर उभे राहिले तर नाक कानांपेक्षा अर्धा मीटर जवळ असते, म्हणजे ते एक तृतीयांशाने मोठे दिसते. आठ मीटरवरून हाच फरक सात टक्क्यांच्या आसपास येतो. यात्रेच्या गटांवर फिरणारी निम्मी शिंगरे लांबतोंडी वाटतात, त्यात शिंगरांचा दोष नसतो.

म्हणून विक्रीच्या फोटोंची शिस्त वेगळी ठेवली. सपाट कडक जमीन, लांब लेन्स, कॅमेरा घोडीच्या पोटाच्या मध्याच्या उंचीवर, म्हणजे मी उलट्या बादलीवर बसलेलो. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाय आखूड दिसतात. कॅमेऱ्याकडचा पुढचा पाय जरा पुढे, मागचा जरा मागे, पलीकडचे दोन त्यांच्या आत, म्हणजे चारही पाय मोजता येतात. खोगीर नाही, अंगावर झूल नाही. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. चारही खुरांचे फोटो वेगळे. यात कलाकुसर कमी आणि चिकाटी जास्त. घोडी एक पाय नीट ठेवते आणि दुसरा हलवते.

कानांचे नाटक सगळ्यांना माहीत असते. मारवाडीचे कान पुढे आल्याशिवाय तो मारवाडी वाटत नाही. चुरमुऱ्याची पिशवी चुरगाळणे, डब्यात खडे हलवणे, मोबाईलवर दुसऱ्या घोड्याचे खिंकाळणे वाजवणे, हे सगळे चालते, पण प्रत्येक युक्ती दोन-चार वेळाच. मग घोडीला कळते की त्यातून काही निघत नाही. म्हणून आवाज शेवटच्या क्षणासाठी राखायचा, आणि तो एकानेच करायचा. इथे घरातली पाच-सहा मुले कॅमेऱ्यामागे उभी राहून एकदम ओरडत होती. त्यांना चहा-बिस्किटांना पाठवणे हे त्या सकाळचे एक महत्त्वाचे तांत्रिक काम होते.

दारातला फोटो शेवटी साधेपणाने मिळाला. मुलगी नेहमी जिथे उभी राहते तिथे, घोडीच्या डाव्या बाजूला, हात मानेखाली. घोड्याला डावीकडून हाताळायची जुनी रीत, त्यामुळे दोघीही तिथे सैल होतात. पागेतून शिंगरू खिंकाळले, घोडीने कान दिले, मुलीनेही तिकडे बघितले. दोघींची नजर एकाच बाजूला. उत्तरेचा उजेड गालावरून तिरका येत होता, आणि तिरक्या उजेडात केसांचे प्रत्येक वळण उठून दिसते. भोवराही दिसला.

आप्पांच्या सांगण्यावरून उजव्या बाजूनेही तसाच फोटो घेतला. तो चांगला आहे. मुलगी त्यात जरा अवघडलेली दिसते, पण ते मला आणि तिलाच कळते.

आप्पांचा युक्तिवाद

निवडीच्या वेळी आप्पांनी डाव्या बाजूचा फोटो पहिला उचलला. दिवाणखान्यात हाच. मग म्हणाले, तेवढा डोळ्याखालचा भोवरा सरळ करून द्या. आणि विक्रीच्या डाव्या बाजूच्या फोटोतही.

मी नकार दिला, तेव्हा त्यांनी जे मुद्दे मांडले ते एखाद्या वकिलाला शोभले असते. "पोरीच्या गालावरची पुटकुळी काढलीत. दोर काढलात. चाचाचा हात काढलात. घोडीच्या डोळ्यात तुमचंच प्रतिबिंब दिसत होतं, तेसुद्धा काढलंत. मग दोन बोटं केस सरळ करायला काय जातं?" आणि वर, "मी भोवरा-बिवरा मानत नाही. मानत असतो तर घोडी घेतलीच नसती. पण घेणारा मानतो."

पुटकुळीचे उत्तर माझ्याकडे तयार होते, कारण माणसांच्या पोर्ट्रेटमध्ये ते रोज द्यावे लागते. पंधरा दिवसांत आपणहून जाणार आहे ते मी काढतो. माशी, चिखलाचा शिंतोडा, डोळ्यातली घाण, खोगिराखालचा घामाचा डाग. जन्मभर राहणार आहे ते काढत नाही. तीळ, व्रण, पाठीचा बाक, भोवरा. दोर आणि चाचांचा हात तर घोडीचे नव्हेतच.

भोवरा तर याहून पुढची गोष्ट. तो घोड्याची ओळख आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याच्या पासपोर्टमध्ये त्याची आकृती असते. पांढऱ्या खुणा लाल शाईने भरायच्या आणि भोवरे फुलीने दाखवायचे, ही त्याची पद्धत. दोन कुमैत घोडे शेजारी उभे केले तर फरक सांगायला याच फुल्या उपयोगी पडतात. फोटोतून भोवरा पुसला की त्या फोटोतली घोडी कागदावरची घोडी राहत नाही.

अवघड मुद्दा दुसरा होता, "घेणारा मानतो" हा. आंसूढालने मालक रडतो यावर माझाही विश्वास नाही. मग एका अंधश्रद्धेला खतपाणी न घालता खुळी खूण पुसली तर बिघडले कुठे, असा विचार मनात येतो, आणि तो दिसतो त्याहून मोहक आहे. पण घेणाऱ्याला काय महत्त्वाचे वाटावे हे विकणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याला भोवरा नको आहे त्याला तो आहे हे कळलेच पाहिजे. ज्याला फरक पडत नाही त्याला दिसूनही पडणार नाही. म्हणजे पुसण्याचा उपयोग फक्त एकाच माणसाच्या बाबतीत, ज्याने खरे कळल्यावर घेतले नसते त्याच्या. याला फसवणूक म्हणतात, समजूत खुळी असली तरी.

एवढे सगळे मी आप्पांना सांगितले नाही. त्यांना एवढेच म्हणालो, "आप्पा, यात्रेत दात उघडून वय बघणारा माणूस गालावर बोट फिरवल्याशिवाय राहील का? मग तो म्हणेल, कॅलेंडरवाले खोटं काढतात." ते हसले, पण मान्य केले नाही.

मुलीचा आक्षेप

मी तडजोड सुचवली. दिवाणखान्यात उजव्या बाजूचा फोटो लावा, त्यात भोवरा येतच नाही. विक्रीसाठी मात्र दोन्ही बाजू द्यायच्या, न पुसता.

त्यावर मुलगी म्हणाली, "उजवीकडून काढणं म्हणजे पुसणंच झालं की काका. फक्त सभ्यपणे."

हा वार बरोबर जागी बसला, कारण कुठल्या बाजूने बघायचे हे ठरवण्यातच आमच्या धंद्याचे निम्मे कसब असते. टक्कल पडलेल्या माणसाला आपण खालून घेतो, दुहेरी हनुवटीला वरून. ते लपवणेच. माझे उत्तर असे, आणि ते मला आजही पुरेसे वाटते: पोर्ट्रेटमध्ये बाजू निवडणे चालते, कारण पोर्ट्रेट कुणाला काही विकत नाही. विक्रीच्या फोटोत बाजू निवडणे चालत नाही, म्हणून तिथे चारही बाजू द्याव्या लागतात. तिला हे पटले नाही. तिच्या मते आप्पांनी भोवऱ्यावरून घोडीची लाज धरू नये, प्रश्न फोटोचा नाहीच. तो वाद बापलेकीचा होता आणि त्यात फोटोवाल्याने पडायचे कारण नव्हते. खानदेशात जेवणाच्या पंगतीवर असे वाद चांगले रंगतात. शेवभाजी गार होईपर्यंत तो चालला.

माझ्याकडून एक भर घातली. विक्रीच्या संचातल्या प्रत्येक फोटोवर खाली तारीख टाकली, आणि तो संच वेगळ्या फोल्डरमध्ये, पोर्ट्रेटपासून तोडून दिला. शिंगराचेही तसेच चारही बाजूंचे फोटो घेतले. त्याच्या गालावर काही नव्हते, ते आप्पांनी स्वतः उजेडात धरून दोनदा तपासले. मानत नसलेल्या माणसाने.

पुढे काय झाले

दोन्ही पोर्ट्रेट छापली गेली. उजव्या बाजूचे दिवाणखान्यात लागले, डाव्या बाजूचे मुलीने तिच्या खोलीत नेले. त्याचे पैसे तिने वेगळे दिले, बापाच्या खात्यात धरू नका म्हणून बजावून.

विक्रीच्या संचाचे आप्पांनी त्यांच्या पद्धतीने केले. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यांदा घोडीची उजवी बाजू तेवढी टाकली, आणि शिंगराचे सगळे फोटो. पहिल्याच गिऱ्हाइकाचा उलट निरोप आला, "आईची डावी बाजू पाठवा." दुसऱ्याचाही तोच. ज्याला घोडा कळतो त्याला एकच बाजू दाखवली की दुसरीकडे काहीतरी आहे एवढे नक्की कळते. शेवटी त्यांनी अख्खा संच पाठवला.

यात्रेत मी गेलो होतो तेव्हा त्यांच्या राहुटीवर मोठा बॅनर दिसला. दिवाणखान्यातले पोर्ट्रेट कापून त्यात घोडीचे डोके मोठे केले होते. मुलगी कापली गेली होती, पण खांद्याचा तुकडा आणि भगव्या फेट्याची कड कोपऱ्यात शिल्लक होती. छपाई करणाऱ्याने रंग इतके भडक केले होते की कुमैत घोडी सुरंग, म्हणजे नुसती तांबडी, दिसत होती. पोर्ट्रेट जाहिरातीला वापरायचे नाही हे आमच्या कागदावर लिहिलेले नव्हते. आता माझ्या करारात ती ओळ असते. कायम राहणाऱ्या खुणा पुसल्या जाणार नाहीत ही दुसरी ओळ तिच्याखाली.

राहुटीसमोर गुजरातहून आलेले दोघे शिंगरू चालवून बघत होते. एकाने आधी त्याचे दात बघितले, मग चांदणीकडे गेला आणि तिच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. काही बोलला नाही. दुसऱ्याने आप्पांच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटांचा व्यवहार सुरू झाला. शिंगरू त्याच संध्याकाळी गेले. कितीला गेले ते आप्पांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.